दाट तेल वर, पातळ पाणी खाली : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण पाण्याबद्दलचे प्रश्न मागवले होते, काय तरंगतं, काय बुडतं, काय विरघळतं असे. पत्रं भरपूर आली. सगळी वाचली आणि एक गोष्ट राहून राहून जाणवली, बऱ्याच जणांचं घोडं पेंड खातंय ते विज्ञानात नाही, शब्दांत. जड, दाट, घट्ट, वितळलं, विरघळलं, रिॲक्शन झाली, हे सगळं बोलताना आपण एकाच्या जागी दुसरं सर्रास वापरतो, बोलण्यात ते चालून जातं पण एखादी गोष्ट अशी का होते हे शोधायला बसलं की तेच शब्द आडवे येतात. म्हणून यावेळी शब्दांवर जरा जास्त रेंगाळलोय. जे प्रश्न बऱ्याच जणांनी विचारले ते आधी घेतलेत.

प्रश्न : तेल पाण्यापेक्षा दाट असतं हे डोळ्यांना दिसतंच. मग "ज्याची घनता जास्त ते खाली जातं" हे शाळेत शिकवतात ते तेलाला का लागू होत नाही? तेल तर वर येतं.

लागू होतं, अगदी तंतोतंत होतं. गोंधळ आहे तो दाट आणि घन या दोन शब्दांचा. तेल बाटलीतून हळूहळू ओघळतं कारण त्याचे रेणू लांबलचक असतात, एकमेकांवरून सरकताना अडखळतात, ह्याला चिकटपणा म्हणा, व्हिस्कॉसिटी म्हणा. घनतेचा ह्याच्याशी संबंध नाही. घनता म्हणजे ठरावीक जागेत किती माल भरलाय एवढंच. घरात छोटा डिजिटल काटा असेल तर स्वतः बघा, १०० मिली पाणी भरतं साधारण १०० ग्रॅम आणि १०० मिली खाद्यतेल भरतं ९१-९२ ग्रॅम. म्हणजे दिसायला दाट असलं तरी तेल हलकंच आहे, म्हणून ते वर.

आता मध घेतला तर १०० मिली मध १४० ग्रॅमच्या आसपास जातो, तो दाटही आहे आणि घनही, त्यामुळे तो पाण्यात तळाला जातो आणि आपल्या डोक्यातलं "दाट म्हणजे खाली" हे समीकरण अजून पक्कं होतं. ते मोडायचं असेल तर पारा आठवा. पारा पाण्यासारखा पळतो, दाटपणा म्हणावा असा काही नाही, पण घनता पाण्याच्या १३.६ पट. लोखंडाची ७.८ पट. म्हणून लोखंडाचा खिळा पाऱ्यावर आरामात तरंगतो. (हा प्रयोग करायचा नाही, पाऱ्याची वाफ विषारी असते.)

ह्याच प्रश्नात अजून एक प्रश्न लपलाय, तो कोणी विचारला नाही पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. तेल वर का राहतं ह्याचं उत्तर घनता, पण तेल पाण्यात मिसळत का नाही ह्याचं उत्तर घनता नाही. अल्कोहोल तेलापेक्षाही हलकं आहे, पाण्याच्या ०.७९ पट, तरी ते पाण्यात पूर्ण मिसळतं, वर वेगळा थर करून बसत नाही. मिसळणं ठरतं रेणूंच्या आपसातल्या ओढीवर. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते, त्यामुळे ते एकमेकांना घट्ट धरून असतात, अल्कोहोलला त्या साखळीत हात घालता येतो, तेलाला येत नाही. तेलाला कोणी ढकलून देत नाही, पाणी पाण्याला सोडायला तयार नसतं इतकंच.

हे बघायचं असेल तर उभ्या काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यावर तेल ओता, आणि त्यावर ग्लासच्या कडेने अगदी सावकाश जखमा पुसायचं ७० टक्क्यांचं अल्कोहोल सोडा (जवळपास गॅस किंवा मेणबत्ती पेटलेली नको). तेल मधे अडकतं, खाली पाणी, वर अल्कोहोल. बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोसेफ प्लाटो यांनी एकोणिसाव्या शतकात ह्याच्या पुढचं केलं होतं, पाणी आणि अल्कोहोल अशा प्रमाणात मिसळलं की मिश्रणाची घनता बरोब्बर तेलाएवढी झाली, आणि मग त्यात सोडलेलं तेल वरही जाईना आणि खालीही, मधोमध पूर्ण गोल होऊन लटकून राहिलं. वजनाचा परिणाम काढून टाकला की द्रव गोल होतो हे त्यांनी असं दाखवलं. मला तर हा प्रयोग फार आवडतो, कारण ह्यात तरंगणं आणि मिसळणं हे दोन मुद्दे इतके स्वच्छ वेगळे होतात की पुन्हा गल्लत होत नाही.

प्रश्न : ग्लास काठोकाठ भरलाय, वर बर्फाचा खडा तरंगतोय, थोडा पाण्याच्या वर आलाय. बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल का? घरात ह्यावरून वाद झाला, प्लीज सांगा.

नाही सांडणार. बर्फाची घनता पाण्याच्या ०.९१७ पट, म्हणजे खड्याचा साधारण अकरावा-बारावा हिस्सा पाण्यावर आणि बाकी पाण्यात. पाण्यातल्या हिश्श्याने जेवढं पाणी बाजूला सारलंय त्याचं वजन अख्ख्या खड्याच्या वजनाएवढं असतं, हा आर्किमिडीजचा नियम, सव्वादोन हजार वर्षं जुना. खडा वितळला की त्याचं तेवढ्याच वजनाचं पाणी होतं आणि ते बरोबर त्याच रिकाम्या जागेत बसतं. थेंबभरही वर नाही.

पण वादात हरलेल्या माणसाला अजून एक संधी आहे. ग्लासात साधं पाणी न घेता मिठाचं पाणी घ्या. आता सांडेल. मिठाचं पाणी जास्त घन, त्यामुळे खड्याला तरंगायला कमी जागा सारावी लागते, पण वितळल्यावर त्याचं गोडं पाणी होतं ते जास्त जागा मागतं. समुद्राच्या पाण्यासाठी हा फरक अडीच टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे तरंगता बर्फ वितळल्याने समुद्र अगदी किंचित वाढतो, खरी भीती आहे ती ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवर बसलेल्या बर्फाची, तो तर अजून समुद्रात आलेलाच नाही.

आणि बर्फ प्रत्येक द्रवावर तरंगतो असं नाही. शुद्ध अल्कोहोलमध्ये दगडासारखा तळाला जातो. तेलात मात्र बघण्यासारखं होतं, कारण तेलाची घनता आणि बर्फाची घनता जवळजवळ सारखी, खडा कसाबसा वरच्या अंगाला लोंबकळत राहतो आणि वितळून सुटलेले पाण्याचे गोल गोल थेंब खडा सोडून संथपणे तळाशी जात राहतात. एकच पदार्थ, एकाच वेळी, बर्फ म्हणून वर आणि पाणी म्हणून खाली! मुलांना हे दाखवाच.

घनरूप द्रवरूपावर तरंगणं ही पाण्याची खासियत आहे, बहुतेक पदार्थांचं उलट असतं. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जास्त असते, त्याखाली गार केलं की पुन्हा पसरायला लागतं. थंड प्रदेशातली तळी वरून गोठतात आणि तळाशी ४ अंशाचं पाणी द्रव राहतं ते ह्यामुळेच, आणि मासे हिवाळा काढतात तेही ह्यामुळेच.

प्रश्न : साखर पाण्यात टाकली की वितळते, मग ती जाते कुठे? आमच्या सरांनी सांगितलं की पाण्याच्या रेणूंमधल्या रिकाम्या जागेत जाऊन बसते म्हणून पाण्याची पातळी वाढत नाही. (इयत्ता सातवी)

आधी शब्द नीट करू. साखर पाण्यात वितळत नाही, विरघळते. वितळणं म्हणजे एकट्याने, उष्णतेमुळे, घनाचा द्रव होणं, त्याला दुसऱ्या कोणाची गरज नाही. विरघळणं म्हणजे दुसऱ्या पदार्थाने तुझे कण एकेक करून सोडवून घेणं. फरक किती मोठा आहे ते मिठावरून बघ, मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअस लागतात, आणि विरघळायला फ्रिजमधलं पाणीसुद्धा पुरतं. पाण्याचे रेणू मिठाच्या खड्याला चहूबाजूंनी भिडतात, सोडियम आणि क्लोराइडचे आयन (म्हणजे विद्युत प्रभार असलेले कण) ओढून काढतात आणि प्रत्येकाभोवती कोंडाळं करून त्याला घेऊन जातात. साखरेचं थोडं वेगळं, तिचा अख्खा रेणू तसाच राहतो, फक्त बाकीच्या रेणूंपासून सुटा होतो.

आता रिकाम्या जागेचं. तुझ्या सरांनी सांगितलेली गोष्ट खूप पुस्तकांत असते, आणि चिमूटभर साखर घेऊन बघितलं तर खरीही वाटते, कारण चिमटीने वाढणारी पातळी डोळ्यांना दिसतच नाही, वरून काठोकाठ भरलेल्या ग्लासात पाण्याचा थोडा फुगवटा सहज मावतो. पण जास्त साखर घेऊन बघ. २० अंशाला १०० मिली पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते, बरोबर वाचलंस, पाण्याच्या दुप्पट वजनाची. तेवढी विरघळवल्यावर पाक होतो जवळपास सव्वादोनशे मिली. म्हणजे साखरेने आपली जागा जवळजवळ पूर्ण वसूल केली. पोकळीत बसली असती तर १०० मिलीचं सव्वादोनशे कसं झालं असतं? सरांना हा आकडा दाखव, त्यांनाही आवडेल, आणि शक्य असेल तर वर्गात मोजपात्र घेऊन करूनच बघा, त्याच्यासारखं काही नाही.

पण सगळीकडेच असं होतं असंही नाही बरं का. मिठात खरंच थोडी जागा वाचते. १०० मिली पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्या मिठाची स्वतःची जागा साडेसोळा मिली, पण पाणी वाढतं साधारण १३ मिलीने. आयन पाण्याला आपल्याजवळ घट्ट ओढून घेतात म्हणून. आणि ५० मिली पाण्यात ५० मिली शुद्ध अल्कोहोल घातलं तर १०० होत नाहीत, ९६-९७ च्या आसपास भरतात. रेणू एकमेकांशी कसे वागतात त्यावर जागा ठरते, "पोकळीत बसतं" हे एक उत्तर सगळ्यांना चिकटवून चालत नाही.

तुझ्याच पत्रात खाली छोटा प्रश्न होता की गरम पाण्यात जास्त विरघळतं का. साखर हो, उकळत्या पाण्यात १०० मिलीला ४८० ग्रॅमच्या वर जाते. मीठ जवळजवळ नाही, ३६ चं ३९ होतं बस्स. लवकर विरघळणं आणि जास्त विरघळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गरम पाण्यात मीठ लवकर विरघळतं, जास्त फारसं नाही. आणि चुन्याचं तर उलटच, विझवलेला चुना थंड पाण्यात जास्त विरघळतो आणि गरम पाण्यात कमी.

प्रश्न : पाणी उकळायच्या खूप आधी भांड्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे दिसतात ते कसले?

ती पाण्यात विरघळलेली हवा. वायूंचं साखरेच्या उलट असतं, पाणी तापलं की ते कमी विरघळतात आणि बाहेर पडतात. ० अंशाला एक लिटर पाणी हवेतला साधारण १४.६ मिलीग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, ३० अंशाला जेमतेम साडेसात. कडक उन्हात उथळ तळ्यातले मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. खऱ्या उकळीचे मोठे बुडबुडे मात्र हवेचे नाहीत, ते वाफेचे.

प्रश्न : पाण्यात टाकलेलं अंडं तरंगलं तर ते खराब, हे खरं आहे का?

अर्धं खरं. तरंगणारं अंडं जुनं आहे हे नक्की, खराब आहे हे नक्की नाही. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून आतली ओल दिवसेंदिवस उडत राहते आणि रुंद टोकाकडची हवेची खोली मोठी होत जाते. आकार तेवढाच, वजन कमी, म्हणजे घनता कमी. ताजं अंडं तळाला आडवं पडतं, थोडं जुनं रुंद टोक वर करून उभं राहतं, फार जुनं वर येतं. पण ताज्या अंड्यातही जंतू असू शकतात आणि ते मजेत बुडेल, त्यामुळे ह्या टेस्टवर भरवसा वयापुरताच ठेवा, बाकी फोडून वास घ्या.

ताजं अंडं तरंगवायचं असेल तर अंडं तेच ठेवून पाणी बदला, एका ग्लासात म्हणजे २५० मिलीत ३० ते ४० ग्रॅम मीठ विरघळवलं की ते वर येतं. मृत समुद्रात माणूस काही न करता तरंगतो ते असंच, तिथल्या पाण्याची घनता १.२४ च्या घरात आहे.

आणि तेच अंडं व्हिनेगरमध्ये ठेवलं तर गोष्ट पूर्ण वेगळी. आता तरंगण्याबुडण्याचा किंवा विरघळण्याचा मामला राहिला नाही, ही रिॲक्शन. कवच म्हणजे जवळपास ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, खडूचंच द्रव्य. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड त्याच्याशी भिडतं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, एक-दोन दिवसांत कवच जातं आणि पातळ पापुद्र्यातलं रबरी अंडं हातात येतं. मीठ पाण्यातून पुन्हा मीठ म्हणून मिळतं, पाणी उडवलं की झालं. कवच व्हिनेगरमधून पुन्हा कवच म्हणून मिळत नाही, ते संपलं, त्याचा नवा पदार्थ झाला. विरघळणं आणि रिॲक्शन ओळखायला पहिली विचारपूस हीच करायची, जुना पदार्थ जसाच्या तसा परत मिळतो का? (ही विचारपूस प्रत्येक वेळी पुरत नाही, पण घरगुती गोष्टींसाठी पुष्कळ.)

प्रश्न : बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सिंक साफ करतात असे व्हिडिओ बघितले. खूप फेस येतो. खरंच उपयोग होतो का?

फेस बघायला छान वाटतो पण सफाईचं म्हणाल तर तुम्ही दोन चांगल्या वस्तू एकमेकांवर खर्च केल्यात. सोडा अल्कली, तेलकटपणावर काम करतो. व्हिनेगर ॲसिड, नळावरच्या पांढऱ्या क्षारांवर काम करतं. दोन्ही एकत्र केलं की ते एकमेकांनाच संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार. ५ टक्क्यांच्या १०० मिली व्हिनेगरला फक्त ७ ग्रॅम सोडा पुरतो, त्यानंतर तुम्ही सिंकवर फिरवताय ते किंचित खारट पाणी. वेगवेगळे वापरा, आधी सोड्याने घासा, धुवा, मग व्हिनेगर थोडा वेळ लावून ठेवा. फेसाने नळीतला एखादा सैल कचरा हलत असेल तर तो यांत्रिक धक्का, त्यात केमिकल जादू काही नाही.

आणि हे मिश्रण बाटलीत भरून बूच कधीही लावू नका. त्या ७ ग्रॅम सोड्यातून साधारण २ लिटर वायू निघतो, तो कुठेतरी जाणारच.

ह्या प्रश्नाच्या निमित्ताने एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड, मग ते व्हिनेगर असो की टॉयलेट साफ करायचं लिक्विड, एकत्र करायचं नाही, एकामागोमाग एक त्याच भांड्यात ओतायचंही नाही. क्लोरिन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या इप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. ब्लीच आणि अमोनिया एकत्र केले तर क्लोरामाइन, तेही फुफ्फुसांना तितकंच वाईट. "दोन क्लीनर मिळून डबल सफाई" हा विचार बंद बाथरूममध्ये जीवावर बेततो. चुकून झालंच तर वास घेत, ओतत बसू नका, आधी बाहेर पडा आणि खिडकी-दार उघडं राहू द्या.

प्रश्न : लोखंड बुडतं तर सुई पाण्यावर कशी राहते? जहाजासारखंच का?

नाही, आणि हा फरक फार सुंदर आहे. जहाज तरंगतं कारण पत्र्याच्या आत भरपूर हवा आहे, सगळं मिळून घनता पाण्याहून कमी. (ॲल्युमिनियम फॉइलने हे दाखवताना बरेच जण फसतात, फॉइलची होडी तरंगते आणि चुरगळलेला गोळाही तरंगतो, कारण घड्यांमध्ये हवा अडकते. गोळा हातोडीने ठोकून पक्का करा, मग बुडतो.) सुईत हवा नाही, ती पाण्याच्या आठपट घनच आहे, आणि तरी ती वर राहते कारण ती पाण्यात शिरलेलीच नसते. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो, सुईखाली त्याला खळगा पडतो आणि तो पडदा सुईला उचलून धरतो. हिशेब केला तर सुईच्या प्रत्येक सेंटिमीटरला जास्तीत जास्त ०.१५ ग्रॅमच्या आसपास वजन पेलतं, म्हणून बारीक सुई राहते आणि जाड खिळा राहत नाही. टिशू पेपरच्या तुकड्यावर सुई ठेवा, तुकडा पाण्यावर सोडा, कागद भिजून खाली जाईल आणि सुई राहील. मग दूर कडेला साबणाच्या पाण्याचा एकच थेंब सोडा. गेली खाली. साबणाने घनता बदलली नाही, पडदा ढिला केला.

ह्या विषयाशी जोडलेलं एक नाव प्रत्येक मुलीला माहीत असावं असं मला वाटतं, आग्नेस पॉकेल्स. जर्मनीतली ही मुलगी, त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठात जाता येत नव्हतं, घरातलं काम तिच्यावर होतं, आणि भांडी घासताना तेलकटपणा आणि साबण पाण्याच्या पृष्ठभागाचं काय करतात हे ती बघत राहिली. नुसती बघत राहिली नाही, तिने मोजायला सुरुवात केली, पत्र्याचं उथळ तबक, वर सरकवता येणारी पट्टी, आणि पृष्ठभागावरून उचलायला किती जोर लागतो ते बघायला एक बटण. दहाएक वर्षं एकटीने काम केल्यावर जानेवारी १८९१ मध्ये तिने इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. त्यांनी त्या पत्राचं मोल ओळखलं आणि ते 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात छापून यावं म्हणून स्वतः शिफारस केली, मार्च १८९१ मध्ये ते छापूनही आलं. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांना पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ चं नोबेल मिळालं, त्या कामात जे तबक वापरलं जायचं त्याचं मूळ आग्नेसच्या ह्या तबकात आहे. सिंकमध्ये तेलाचा तवंग साबणाच्या थेंबाने फाटताना दिसला की मला ती आठवतेच.

प्रश्न : लाकूड नेहमी तरंगतंच का?

नाही. लाकडाचं मूळ द्रव्य, म्हणजे पेशींच्या भिंती, पाण्याच्या दीडपट घन असतं, जवळपास सगळ्या झाडांचं. तरंगतं ते पेशींमधल्या हवेमुळे. बाल्सासारख्या लाकडात हवा खूप, लिग्नम व्हिटे नावाच्या लाकडात इतकी कमी की ते सरळ बुडतं. आणि तरंगणारा ओंडकाही वर्षानुवर्षं पाण्यात राहून हवेच्या जागी पाणी भरलं की तळाला बसतो.

प्रश्न : नेलपॉलिश रिमूव्हर सांडला आणि थर्माकोल क्षणात गायब झाला. ॲसिड आहे का त्यात?

ॲसिड नाही, ॲसिटोन आहे, नावं जवळची आहेत म्हणून गैरसमज होतो. आणि गंमत म्हणजे इथे रिॲक्शन झालीच नाही. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचा फुगवलेला फेस, त्यात ९५ टक्क्यांहून जास्त जागा हवेचीच. ॲसिटोनने प्लॅस्टिक मऊ करून सैल केलं, हवा निसटली, आणि एवढा मोठा तुकडा चमचाभर चिकट गोळ्यात मावला. तो गोळा उघड्या हवेत वाळू द्या, ॲसिटोन उडून गेलं की कडक प्लॅस्टिक परत मिळतं, तेच पॉलिस्टायरीन, फक्त हवा गेलेलं. पाण्यात मात्र तोच थर्माकोल वर्षानुवर्षं तसाच तरंगतो. म्हणजे "विरघळतं का" हा प्रश्नच अर्धा आहे, "कशात" ते विचारल्याशिवाय उत्तर नाही. हे करून बघायचं तर मोठ्या माणसासोबत, खिडकी उघडी ठेवून, ज्योतीपासून लांब.

प्रश्न : गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. तुरटी गाळाला विरघळवते का?

उलट, विरघळते ती तुरटी. मातीचे अगदी बारीक कण खरं तर पाण्यापेक्षा घन असतात, बुडायला हवेत, पण प्रत्येकावर ऋण प्रभार असतो म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात आणि इतके लहान असतात की दिवसचे दिवस अधांतरी राहतात. तुरटीतून ॲल्युमिनियम पाण्यात येतं, प्रभार मारतं, त्याचे चिकट पुंजके तयार होतात, त्यात कण अडकतात आणि मोठे होऊन खाली बसतात. जलशुद्धीकरण केंद्रांतही हेच करतात, पण तिथे पुढे गाळणं आणि क्लोरिन असतं. तुरटीने पाणी स्वच्छ दिसतं, जंतू सगळे मरत नाहीत, तेव्हा प्यायचं असेल तर उकळा.

प्रश्न : सोडियम पाण्यात पेट घेतं मग ते रॉकेलमध्ये कसं ठेवतात? रॉकेल तर जळतं. (इयत्ता अकरावी)

रॉकेल जळायला हवा आणि ठिणगी लागते, सोडियमशी ते स्वतःहून काही करत नाही, आणि पाणी-हवा दोन्ही लांब ठेवतं. शिवाय सोडियमची घनता ०.९७, रॉकेलची ०.८, त्यामुळे ते रॉकेलमध्ये बुडून राहतं, झाकलेलं. पाण्यावर मात्र तरंगतं, आणि रिॲक्शनच्या उष्णतेने ९८ अंशालाच वितळून गोळी होऊन सैरावैरा धावतं (इथे वितळणं हा शब्द बरोबर!). लिथियमला रॉकेल चालत नाही, ते ०.५३ म्हणजे सगळ्यात हलका धातू, रॉकेलवरही तरंगून उघडं पडेल. स्फोट का होतो ह्याचं जुनं उत्तर "हायड्रोजन पेटतो" असं होतं, २०१५ मध्ये हायस्पीड कॅमेऱ्याने बघितल्यावर दिसलं की धातूतले इलेक्ट्रॉन झपाट्याने पाण्यात निघून जातात, मागे राहिलेले धन आयन एकमेकांना ढकलतात आणि एक मिलिसेकंद व्हायच्या आतच धातूला काटे फुटतात. प्रयोगशाळेत सर किंवा मॅडम करतील तेव्हाच बघायचं, चष्मा लावून, लांबून.

प्रश्न : दोन ग्लास आहेत, एकात मिठाचं पाणी, एकात साखरेचं. न चाखता ओळखायचं कसं? (इयत्ता पाचवी)

न चाखता हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस, ग्लासात काय आहे माहीत नसताना चाखायचं नाही. अंडं टाकून उपयोग नाही, पुरेसं घातलं तर दोन्हींत तरंगेल. फ्रिजरमध्ये ठेवून काही कळेल, पण कोणात किती घातलंय ते माहीत नसेल तर तेही फसवतं. सगळ्यात सोपं म्हणजे काचेच्या दोन बशांत चमचा चमचा पाणी पसर आणि उन्हात ठेव. एका बशीत पांढरे कोरडे कण राहतील, भिंग असेल तर त्यातले चौकोनी ठोकळे दिसतील, ते मीठ. दुसरीत बोट चिकटेल असा थर राहील, ती साखर. आणि बशा ठेवताना कुठली कोणत्या ग्लासची ते चिठ्ठी लावून ठेव, नाहीतर संध्याकाळी उचलताना अदलाबदल होते.